मैदानावरील गुरू



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्या नावाने बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. विषय कळविला तेव्हा संयोजकांनी दूरध्वनीवर दोनदा खात्री करून घेतली. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर बोलावे, फार तर दशावतारावर बोलावे. फुटबॉल शिकविणाऱ्यांविषयी त्याने काय बोलावयाचे? त्यांचा संशय रास्त होता. परंतु माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय संतसाहित्यातील गुरुतत्त्व हा होता, आणि गुरू कोणाला म्हणावे हा प्रश्न मला ग्रंथालयात पडण्यापूर्वी चिखलाने भरलेल्या एका मैदानावर पडला होता. ती हकिगत मी आजवर व्यासपीठावरून सांगितलेली नाही. आज ती सांगणार आहे.

तत्पूर्वी थोडा इतिहास पाहू. गोव्यात फुटबॉल आणण्याचे श्रेय १८८३ मध्ये शिवोलीस आलेल्या फादर लायन्स या धर्मगुरूंना दिले जाते. चर्च आणि चर्चच्या शाळा यांच्या आधाराने हा खेळ जुन्या काबिजादींत, म्हणजे बार्देश, तिसवाडी आणि साष्टीत रुजला. डिचोली आणि पेडणे या नव्या काबिजादी. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या पोर्तुगीज अंमलाखाली आल्या. पेडणे तर १७८८ मध्ये. आपल्याकडे देवळाचा चौक, भजन, दशावतार आणि मराठी शाळा हीच मुलांची घडणीची ठिकाणे होती. फुटबॉल आपल्याकडे उशिरा आला. पण भात कापून झाल्यावर मोकळ्या पडलेल्या शेतात तो असा रमला की आता त्याला पाहुणा म्हणणे शोभणार नाही.

मात्र या खेळाबरोबर एक गोष्ट आपल्याकडे आली नाही, ती म्हणजे तो शिकविण्याचे शास्त्र. आपण गणिताला पदवीधर शिक्षक मागतो. तबला शिकविणाऱ्याला विचारतो, ‘आपले गुरू कोण?’ पण मुलांचा फुटबॉलचा संघ मात्र ज्याच्याकडे शिट्टी असेल त्याच्या हवाली करतो. असा शिट्टीवाला मी होतो.

१९७६ सालचा पावसाळा. महाविद्यालयात जाण्यापूर्वी मी एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवीत असे. वय पंचविशीचे, पाय चपळ. तेवढ्या भांडवलावर शाळेचा संघ माझ्याकडे सोपविण्यात आला. संघात पेडण्याकडचा एक पंधरा वर्षांचा मुलगा होता. डाव्या पायाचा. चेंडू त्याच्या पायाला चिकटून राही. आंतरशालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात त्याचा गुडघा पिळवटला आणि रात्रीतून सुजला. अंतिम सामना चार दिवसांवर होता. मी हळदीचा लेप लावावयास सांगितले. सामन्याच्या दिवशी सूज उतरल्यासारखी वाटली. मी विचारले, ‘‘खेळशील?’’ तो म्हणाला, ‘‘सर, हांव खेळतां.’’

पंधरा वर्षांचे मूल आपल्या सरांना दुसरे काय सांगणार? मी त्याच्या गुडघ्याला पट्टी घट्ट बांधली आणि त्याला उतरविले. उत्तरार्धात तो वळला आणि गुडघा त्याच्याखालून निसटला. कोणी त्याला धक्काही दिला नव्हता. आम्ही सामना जिंकलो. ढाल शाळेत आली, माझे कौतुक झाले. तो मुलगा पुन्हा कधी खेळला नाही. आज तो साठी ओलांडलेला गृहस्थ आहे आणि जिना उतरताना कठडा धरतो. त्याने मला कधी दोष दिला नाही; मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन तो स्वतः माझ्या घरी आला होता. त्या दिवशी त्याला जिना उतरताना मी पाहिले.

मंडळी, माझ्या मनात दुष्टावा नव्हता. त्या मुलावर माझे प्रेम होते. नेमके हेच मला सांगावयाचे आहे. प्रेम होते, ज्ञान नव्हते. आणि वाढत्या वयाच्या मुलाच्या शरीराला प्रेमाने केलेली चूकही तेवढीच महाग पडते. पिळवटलेला, सुजलेला गुडघा म्हणजे आतील स्नायुबंध तुटलेला असू शकतो, सूज उतरली म्हणून तो जुळत नाही, हे मला कोणी शिकविले नव्हते. शिकून घ्यावे असे मलाही वाटले नव्हते.

आपल्या देशात उत्तम प्रशिक्षकाला १९८५ पासून द्रोणाचार्य पुरस्कार दिला जातो. दोन हजार चोवीस सालच्या पुरस्कारांत आपल्या गोव्याचे श्री. आर्मांदो कुलासो यांना जीवनगौरव विभागात तो मिळाला. धेंपो संघाला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या या प्रशिक्षकाचा सन्मान ऐकून मलाही अभिमान वाटला. पण द्रोणाचार्य हे नाव ऐकले की माझ्यासारख्या साहित्याच्या विद्यार्थ्याला एकलव्य आठवतोच. ज्याला शिकविले नाही त्याच्याकडून द्रोणांनी अंगठ्याची दक्षिणा घेतली. मीही त्या मुलाला काही शिकविले नव्हते. त्याला जे येत होते ते त्याचे त्याने मिळविले होते. दक्षिणा मात्र मी घेतली. त्याचा गुडघा घेतला.

मग पात्र प्रशिक्षक कोणाला म्हणावे? आज याची शिडी ठरलेली आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा ‘डी’ परवाना ही तिच्या खालच्या पायऱ्यांपैकी एक. पुढे आशियाई महासंघाच्या व्यवस्थेतील ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि ‘प्रो’. या परवान्यांचे महत्त्व भिंतीवर टांगण्याच्या कागदात नाही. लहान मूल हे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे, हे त्यात शिकविले जाते. म्हणून आठ-दहा वर्षांच्या मुलांना अकरा-अकराच्या संघांत पूर्ण मैदानावर पळवावयाचे नाही. चार-पाच जणांचे छोटे संघ करावयाचे, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला चेंडू वारंवार लागतो. चेंडूही वयाप्रमाणे लहान घ्यावयाचा. डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा उतरवावयाचे नाही. डोक्याने चेंडू मारण्याच्या सरावावर अमेरिकेत २०१५ मध्ये आणि इंग्लंड व स्कॉटलंडमध्ये २०२० मध्ये लहान मुलांसाठी बंधने आली, ती याच विचारातून.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठे असते. अजाण माणूस उंच मुलाला निवडतो आणि बुटक्याला घरी पाठवितो. वाटते गुण निवडला, प्रत्यक्षात त्याने जन्मतारीख निवडलेली असते. जाणता प्रशिक्षक थांबतो. थांबता येणे हीच त्याची पहिली पात्रता, असे मी म्हणेन.

हे सारे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, असे कोणी म्हणेल. आइसलँडचे उदाहरण पाहा. २०१६ च्या युरोपीय स्पर्धेत या देशाने इंग्लंडला २-१ असे हरविले, तेव्हा त्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख ३० हजार होती. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या डिचोली आणि पेडणे तालुक्यांची मिळून लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख, म्हणजे त्याच्या निम्मी. त्या देशाने आधीची दहा-पंधरा वर्षे दोन कामे नेटाने केली होती : थंडीत खेळता येतील अशी आच्छादित मैदाने बांधली आणि प्रशिक्षक घडविले. तेथे अगदी लहान मुलांनाही परवानाधारक आणि मानधन घेणारा प्रशिक्षक शिकवितो. संघाच्या दोघा मुख्य प्रशिक्षकांपैकी हेमिर हॉलग्रिमसन हे व्यवसायाने दंतवैद्य. म्हणजे शिक्षकाने, पोस्टमनने, दुकानदारानेही प्रशिक्षक व्हावे. पण शिकून व्हावे.

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. सेसा गोवा कंपनीने १९९९ मध्ये फुटबॉल अकादमी सुरू केली, आणि तिच्यातून राष्ट्रीय पातळीवर खेळणारे खेळाडू निघाले. गोवा फुटबॉल विकास मंडळाने गावोगावच्या केंद्रांवर प्रशिक्षक नेमले. पण ज्या खाण उद्योगाच्या पैशावर गोव्याचे अनेक मोठे संघ उभे होते, तो २०१२ मध्ये ठप्प झाला. पुढे २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही संघ राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. लीगच्या आराखड्यावरून संघटनेशी झालेला मतभेद हे त्यामागचे कारण त्यांनी सांगितले होते; परंतु मोठ्या संघांच्या सावलीवर गावाने विसंबून राहू नये, एवढा बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही. गावातल्या मुलाचा खरा आधार म्हणजे संध्याकाळी पाच वाजता मैदानावर हजर असणारा माणूस.

त्या माणसासाठी आपण काय करणार? माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली शाळांना : शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाला फुटबॉलच्या परवान्याचा अभ्यासक्रम करावयाचा असेल तर त्याला रजा द्या आणि शुल्कही द्या. तो सर्वच खेळ सांभाळतो. त्याने एकाच खेळातील सारे जाणावे अशी अपेक्षा अन्यायाची आहे. दुसरी माजी विद्यार्थ्यांना : आपण चषक देता, गणवेश देता. एक वर्ष चषकाऐवजी एका प्रशिक्षकाचे शिक्षण द्या. तिसरी पालकांना : मुलगा खेळून घरी आला की ‘जिंकलास का?’ याआधी ‘कुठे दुखत नाही ना?’ असे विचारा. आणि माझ्याकडूनही एक काम स्वीकारतो. दुखापत, विश्रांती आणि लहान मुलांचा सराव यांविषयी सोप्या मराठीत एक पुस्तिका जाणकारांकडून तपासून घेऊन लिहावयाची माझी तयारी आहे. भाषेच्या शिक्षकाला यापेक्षा उपयोगी काम या वयात कोणते मिळणार?

परवाना म्हणजे सर्व काही, असेही माझे म्हणणे नाही. परवाना असूनही केवळ ढालीसाठी मुले राबविणारे असू शकतात. संतांनी शिष्याला सावध केले आहे, ते गुरूच्या वेषाला न भुलण्यासाठीच. परंतु ज्ञानाशिवायचा गुरू हा वेषाशिवायच्या गुरूपेक्षा अधिक घातक, हे मी अनुभवाने सांगतो.

गेल्या पावसाळ्यात मला एक दूरध्वनी आला. तोच माझा विद्यार्थी बोलत होता. त्याचा बारा वर्षांचा नातू गावाजवळच्या केंद्रावर खेळावयास जातो. नातवाच्या गुडघ्याखाली दुखू लागले, तेव्हा तेथील तरुण प्रशिक्षकाने त्याला डॉक्टरांकडे पाठविले आणि त्यांच्या सल्ल्यानुसार काही आठवडे बाहेर बसविले. स्पर्धा तोंडावर होती. मुलाचे वडील चिडले, मुलगा रडला. प्रशिक्षक बधला नाही. ‘‘वाढत्या वयाचे दुखणे आहे, विश्रांतीने बरे होईल, स्पर्धा पुढल्या वर्षीही आहे,’’ एवढेच तो म्हणाला.

हे सांगून माझा विद्यार्थी थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘सर, पोर बरा आहे. तुम्हाला सांगावेसे वाटले.’’

मी त्याला काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. त्या तरुण प्रशिक्षकाला मी अद्याप भेटलेलो नाही. तो माझ्या नातवाच्या वयाचा असेल. पण भेट होईल तेव्हा त्याला नमस्कार मी आधी करणार आहे.