पैसा सांभाळणारी माणसे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. चिटणीसबाईंनी फारच आग्रह केला म्हणून उभी राहिले आहे. दरवर्षी या दिवशी कोणी आरोग्यावर बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासावर. मी आज पैशाबद्दल बोलणार आहे, आणि तेही पार न्यूझीलंडच्या पैशाबद्दल. हसू नका. शेवटी मी आपल्याच कपाटातल्या वहीपाशी येणार आहे.

माझी धाकटी जाऊ तिकडे क्राइस्टचर्च गावी राहते. मागे ती घरच्या मंडळींबरोबर कायकोउरा या समुद्रकाठच्या गावी देवमासे पाहायला गेली होती. होडी, तिकीटघर, चहाची सोय, सारे कसे नीटनेटके! तिने आपल्या घरच्या सवयीप्रमाणे विचारले, "याचे मालक कोण?" तेव्हा कळले की मालक कोणी शेठ नाही, तिथले मूळचे रहिवासी, माओरी लोक, हेच मालक. फोनवर तिने हे सांगितले आणि मला नादच लागला. मुलाकडून मिळेल ते वाचून घेतले.

या माओरींपैकी दक्षिण बेटावरची मोठी जमात म्हणजे न्गाई ताहू. 1848 साली सरकारने त्यांच्याकडून सुमारे 2 कोटी एकर जमीन 2,000 पौंडांना लिहून घेतली. म्हणजे एका पौंडाला दहा हजार एकर! राहण्यापुरती, पोटापुरती जमीन राखून देऊ असे सांगितले होते. प्रत्यक्षात राखली ती साडेसहा हजार एकरांच्या आतच. 1849 सालीच त्यांच्या एका वडीलधाऱ्याने, मतिआहा तिरामोरेहू यांनी, सरकारला तक्रारीचे पत्र धाडले. त्या तक्रारीचा निकाल लागायला 1998 साल उजाडले. आजोबांनी नातवाला सांगायचे, नातवाने आपल्या नातवाला, असे ते भांडण चालले. शेवटी कायदा झाला, 17 कोटी डॉलरची भरपाई मिळाली आणि पंतप्रधानांनी त्यांच्या गावी जाऊन क्षमा मागितली. त्या पंतप्रधान जेनी शिप्ली, त्या देशाच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान.

गेले त्याच्या मानाने ही रक्कम थोडीच होती. पण ती त्यांनी घरटी वाटून टाकली नाही. वाटली असती तर एखादी मोटार, एखादे लग्न, आणि संपले. त्यांनी ती एका कंपनीत घातली. जमीनजुमला, मासळी, शेती, प्रवाशांची ने-आण, अशा धंद्यांत पैसा लावला. आज ती पुंजी अनेक पटींनी वाढली आहे. त्यात करारात ठरल्याप्रमाणे सरकारकडून पुढे आलेली भरही आहे, हे खरे सांगितले पाहिजे.

आता माझ्या मनात आले की, एवढा पैसा सांभाळणारी माणसे होती तरी कोण? मला वाटले, सगळे बॅरिस्टर नाहीतर बँकवाले असतील. पण सरकारशी वाटाघाटी करण्यात जे पुढे होते ते टिपेने ओ'रेगन हे शिक्षक. शिक्षकांच्या कॉलेजात शिकवायचे. वडील आयरिश वंशाचे डॉक्टर, आई न्गाई ताहू. आपल्या लोकांचा इतिहास त्यांना तोंडपाठ, आणि त्या इतिहासावरच दावा उभा राहिला. पुढे जमातीचे प्रमुख झाले मार्क सॉलोमन. हे गृहस्थ बरीच वर्षे फाउंड्रीत काम केलेले, धातू ओतणारे कामगार! 1998 ते 2016 अशी अठरा वर्षे ते प्रमुखपदी राहिले. त्यांच्यानंतर 2016 साली लिसा तुमाहाई निवडून आल्या. त्या पदावरची ती पहिली बाई. हे वाचले तेव्हा मी भाजी चिरत होते, ती तशीच राहिली.

आणि ती देवमाशांची होडी? तीही अशीच. 1980 नंतरच्या वर्षांत रेल्वेतल्या व सरकारी नोकऱ्या गेल्या आणि कायकोउरातले माओरी हवालदिल झाले. त्यांच्यातले वडीलधारे बिल सॉलोमन म्हणाले की आपला पूर्वज देवमाशाच्या पाठीवर बसून आला, आपल्याला देवमासाच तारील. चार घरांनी आपापली राहती घरे गहाण ठेवून 1987 साली होडी घेतली. भगिनींनो, घर गहाण ठेवणे म्हणजे काय, हे कागदावर सही करणाऱ्या पुरुषापेक्षा त्या घरात चूल पेटवणारीला जास्त कळते. त्या चार घरांतल्या बायकांना त्या रात्री झोप आली असेल का, हे कोणी लिहून ठेवलेले मला सापडले नाही. 2016 च्या भूकंपात समुद्राचा तळ वर आला, धक्क्याला पाणी पुरेना, फेऱ्या थांबल्या. तळ खणून पुन्हा सुरू केल्या.

पण शिक्षक नि कामगार एवढ्यावरच सारे चालले, असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर ती लबाडी होईल. त्यांनी दोन घरे वेगळी ठेवली आहेत. एक जमातीची सभा. तिच्यात अठरा ठिकाणच्या पंचायती आपापला एकेक प्रतिनिधी पाठवतात. दुसरी कंपनी, तिच्या संचालकांत व्यापारात मुरलेली माणसे घेतात, जमातीबाहेरचीही घेतात. कंपनीने कमवायचे. मिळकत कशावर खर्चायची हे मात्र सभेने ठरवायचे. शिक्षणावर, घरांवर, म्हाताऱ्यांवर. 2006 पासून एक बचतीची योजनाही आहे, सभासदाने टाकलेल्या पैशात जमात आपली भर घालते. म्हणजे जाणकार माणूस ठेवला आहे, पण घरच्या किल्ल्या त्याच्या कमरेला नाहीत.

आता आपल्या वहीकडे येते. गेल्या मासिक सभेत खजिनदार निवडायची वेळ आली तेव्हा आपण काय केले? सगळ्यांनी माना खाली घातल्या. "मला हिशेब येत नाही," "मी फार शिकलेली नाही," असे एकीमागून एक झाले. त्यात मीही होते. मी सातवी झालेली; मला वाटले, बँकेत साहेबांपुढे काय बोलणार? मग सूचना आली की मंडळाचा निधी एखाद्या शिकलेल्या गृहस्थांकडे द्यावा, ते बघतील. सूचना वाईट मनाने केलेली नव्हती. पण पापड, मसाला आणि दिवाळीचा फराळ विकून, रात्र रात्र जागून आपण हे पैसे जमवले. दुधाचा, किराण्याचा, भिशीचा हिशेब आपल्या बोटांवर असतो. वाणी दोन रुपये जास्त लावतो ते आपल्याला दुकानातच कळते. मग मंडळाची वही आली की आपण अडाणी कशा होतो?

त्या गृहस्थांनी वर्षाकाठी हिशेब तपासून द्यावा, चूक असेल ती दाखवावी. त्यांचे उपकार होतील. बँकेच्या पुस्तकावर मात्र सह्या आपल्या दोघींच्या असाव्यात, आणि पैसा कशाला काढायचा ते या सतरंजीवर बसून ठरावे.

खजिनदारीसाठी माझे नाव मी काल चिटणीसबाईंकडे लिहून दिले आहे. माझ्या बेरजा हळू होतात, हे आधीच सांगून ठेवते. दुसऱ्या सहीची जागा अजून रिकामी आहे, आणि नावे द्यायची मुदत येत्या शनिवारच्या सभेपर्यंत आहे.