गंगेचा गडू आणि जंतूंचे भक्षक
(समाजाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या वाशीम जिल्ह्यात पुष्कळ घरी देव्हाऱ्यात काशीहून आणलेला गंगेचा गडू असतो. ते पाणी नासत नाही, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. ह्या श्रद्धेच्या पोटी जे शास्त्र आहे, ते नीट समजून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

१८९६ साली आग्र्यास हॅन्किन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखविले की, गंगायमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू काही तासांत मरतात. पाणी उकळले की तो गुण नाहीसा होतो. पुढे १९१७ साली द'हेरेल ह्यांनी जंतूंचा नाश करणाऱ्या विषाणूंस ‘बॅक्टेरिओफेज’ हे नाव दिले. हा भक्षक जंतूस चिकटून आपले बीज आत सोडतो. तेथे त्याची प्रजा वाढते व जंतू फुटतो. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने गंगेतील ह्या भक्षकांचा अभ्यास केला आहे. जेथे जंतू तेथे त्यांचे भक्षक; आपली पैनगंगाही त्यास अपवाद नसावी.

पेनिसिलीन आल्यावर जग हा उपाय विसरले. जॉर्जियातील तिबिलिसीच्या संस्थेने मात्र १९२३ पासून तो जपला. २०१६ साली अमेरिकेतील प्राध्यापक पॅटरसन ह्यांच्यावर औषधे चालेनाशी झाली, तेव्हा ह्याच भक्षकांनी त्यांचे प्राण वाचविण्यास हातभार लावला. गुरांच्या काससुजीवरही प्रयोग चालू आहेत.

मग गडूतले पाणी जखमेवर किंवा म्हशीच्या सडात घालावे काय? मुळीच नाही. प्रत्येक भक्षक ठरावीक जंतूंवरच चालतो. तो शोधून शुद्ध करावा लागतो. नदीच्या पाण्यात भक्षकांबरोबर रोगजंतूही असतात. शिवाय आपल्याकडे हा अद्याप नेहमीचा उपचार झालेला नाही.

तोवर हाती असलेली औषधे राखणे हेच आपले कर्तव्य. माणसांसाठी अखेरचे शस्त्र मानलेले कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यात जात असे; २०१९ साली सरकारने खाद्योपयोगी जनावरांत त्याचा वापर बंद केला. परंतु शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेणे, गेल्या वर्षीचे इंजेक्शन म्हशीस टोचणे, हे सरकार कसे थांबविणार? ते आपणच थांबविले पाहिजे. कास सुजली तर दुधाचा नमुना तपासून घ्यावा. औषध चालू असता डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध घरी वापरू नये व विकूही नये. डॉक्टरांनी लिहून दिल्यावाचून प्रतिजैविक घेऊ नये आणि दिलेले मध्येच सोडू नये.

गडूची पूजा अवश्य करा. उपचार मात्र तपासणीनंतरच करा, एवढेच आमचे सांगणे आहे.