नाममुद्रा आणि व्यापारमुद्रा



बेंगळुरूच्या आग्नेय भागात, होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या दरम्यान, एचएसआर लेआउट नावाची वसाहत आहे. शहराच्या विकास प्राधिकरणाने ती आखली आणि होसूर-सर्जापूर रोड या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला नाव मिळाले. कडेच्या तलावाला मात्र अगरा हे जुन्या गावाचेच नाव राहिले आहे. आज ही वसाहत नव्या उद्योगांच्या कार्यालयांसाठी प्रसिद्ध आहे. अशा उद्योगांत वस्तू बाजारात येण्यापूर्वीच तिचे नाव, रंग आणि चिन्ह यांचा विचार होतो. वस्तूच्या बाबतीत यात गैर असे काही नाही. परंतु तोच न्याय गाणाऱ्या माणसाला लावला असता काय होते, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

लोकप्रिय गायकांसंबंधी बोलताना एक सोपी विभागणी करण्याचा प्रघात आहे. बाजारापासून दूर राहतो तो अस्सल, आणि ज्याच्या चेहऱ्यावर माल खपतो तो नकली. ही विभागणी इतिहासाला धरून नाही. गायकाला पोसणारा कोणी ना कोणी नेहमीच होता. कधी तो संस्थानिक होता, कधी तमाशाच्या फडाचा मालक, तर कधी ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी. पैसा घेतला म्हणून गाणे खोटे ठरत नाही. तेव्हा अस्सलपणाची कसोटी अन्यत्र शोधली पाहिजे.

ती शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. मराठी वाचकाला नाममुद्रा परिचित आहे. अभंगाच्या शेवटी कवी आपले नाव गुंफतो. कीर्तनकार कितीही मोठा असला, तरी तुकारामांच्या अभंगात तो स्वतःचे नाव घालीत नाही. कन्नड परंपरेत या खुणेला अंकित म्हणतात. शिशुनाळचे संत शरीफ (१८१९–१८८९) जन्माने मुसलमान, आणि त्यांचे गुरू गोविंद भट्ट ब्राह्मण. शरीफांच्या पदांत ‘शिशुनाळाधीश’ हे अंकित येते. ते कवीचे स्वतःचे नाव नसून त्याच्या गावच्या दैवताचे आहे. तरीही त्यावरून कवी ओळखला जातो.

या खुणेचीही नक्कल होत असे, हे विसरून चालणार नाही. तुकारामांचे नाव घालून इतरांनी अभंग रचले. म्हणूनच गाथेच्या संपादकांना एकोणिसाव्या शतकात निरनिराळ्या हस्तलिखितांचा पडताळा घ्यावा लागला. तात्पर्य, खोट्या नाममुद्रेचा प्रश्न ध्वनिमुद्रणाहून जुना आहे.

शरीफांची पदे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघर पोहोचली ती बव्हंशी ध्वनिफितींच्या द्वारे. संगीतकार सी. अश्वथ (१९३९–२००९) यांनी ती नव्या चालींत बांधली. टी. एस. नागाभरण यांच्या १९९० सालच्या ‘संत शिशुनाळ शरीफ’ या चित्रपटाचे संगीतही त्यांचेच होते. ध्वनिफीत ही विक्रीची वस्तू होती आणि तिच्या वेष्टनावर छायाचित्रे छापली जात. तथापि शेवटच्या ओळीतील अंकित कोणी काढून टाकले नाही. येथे व्यापाराने परंपरेची सेवाच केली, असे म्हणावे लागेल.

पुढच्या पिढीत हीच पदे रघु दीक्षित यांनी गिटार आणि ड्रमच्या साथीने गायिली. दीक्षित यांचा जन्म १९७४ साली नाशिकचा, वाढ म्हैसूरची आणि कार्यक्षेत्र बेंगळुरू. त्यांचा पहिला संग्रह २००८ साली प्रसिद्ध झाला. २०१० साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील जूल्स हॉलंड यांच्या कार्यक्रमात त्यांचे गायन झाले. रंगीत लुंगी आणि पायांत घुंगरू हा त्यांचा रंगमंचावरील वेष ठरून गेला. हा वेष अस्सल की विक्रीसाठी योजलेला? शरीफ काही असा वेष करून गात नव्हते. दुसऱ्या बाजूने पाहता, दीक्षित यांनी भरतनाट्यमचे शिक्षण घेतलेले असल्याने घुंगरू त्यांच्या पायांना परके नाहीत. एकाच वस्तूत वैयक्तिक संस्कार आणि बाजाराची सोय दोन्ही असू शकतात. वेषावरून निवाडा होत नाही, हाच याचा अर्थ.

मग तो कशावरून होतो? पाश्चात्त्य जगातील एक प्रकरण येथे उपयोगी पडेल. मिली व्हॅनिली या नावाने गाजलेल्या दोघा तरुणांना फेब्रुवारी १९९० मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ध्वनिमुद्रिकेवरील आवाज त्यांचे नव्हते, हे उघडकीस आल्यावर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते परत घेण्यात आले. भारतीय श्रोत्याला या गदारोळाचे थोडे नवल वाटेल. आपल्या चित्रपटांत एकाचे ओठ आणि दुसऱ्याचा आवाज ही नित्याची रीत आहे. पण येथे ते सर्वांना ठाऊक असते आणि गाणाऱ्याचे नाव जाहीर असते. दोष उसन्या आवाजात नाही; खरा गाणारा लपविण्यात आहे.

जाहीर असण्याची ही रीतदेखील प्रारंभापासून नव्हती. १९४९ साली ‘महल’ चित्रपटातील लता मंगेशकरांच्या गाण्याची तबकडी निघाली, तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे छापलेले होते. कामिनी हे चित्रपटातील पात्राचे नाव. ही गाणारी कोण, अशी विचारणा करणारी पत्रे श्रोत्यांनी नभोवाणीकडे धाडली, तेव्हा खरे नाव लोकांपुढे आले. आवाज घरोघर पोहोचला होता, पण त्यावर मुद्रा नव्हती.

त्यानंतरच्या अर्धशतकात चित्र पालटले. आशा भोसले यांच्या नावाचे उपाहारगृह २००२ साली दुबईत उघडले. ज्या घराण्यातील एका बहिणीचे नाव तबकडीवरही नव्हते, त्याच घराण्यातील दुसरीच्या नावावर, गाण्याशी संबंध नसलेली वस्तू विकता येऊ लागली. स्वतः स्वयंपाकाची आवड असलेल्या गायिकेने संमतीने दिलेले हे नाव होते; त्यात फसवणूक नव्हती. परंतु नाव आवाजापासून वेगळे करता येते, हे त्यातून स्पष्ट झाले.

पंजाबी पॉप गायक दलेर मेहंदी यांचे प्रकरण याहून बोलके आहे. त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या आणि त्यांच्या गाण्याच्या ओळी म्हणणाऱ्या बाहुल्या दुकानांत विकल्या जात होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली या विक्रीला मनाई केली. दावा लावणारी मात्र एक कंपनी होती. मेहंदी यांनी आपले हक्क तिच्या स्वाधीन केले होते. गायकाचे व्यक्तित्व खोट्या बाहुलीपासून वाचविण्यासाठीदेखील ते आधी एका कंपनीची मालमत्ता व्हावे लागले.

सप्टेंबर २०२५ मध्ये प्रश्न आणखी पुढे गेला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने आपल्या आवाजाची प्रतिकृती केली जाते, अशी तक्रार घेऊन आशा भोसले मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि न्यायालयाने त्यांना अंतरिम संरक्षण दिले. गायक अरिजित सिंग यांना असेच संरक्षण त्याच न्यायालयाने २०२४ साली दिले होते. आवाजावर नाव नसणे, मग आवाजाविना नाव, आणि शेवटी माणसाविना आवाज, अशी ही वाटचाल आहे.

या निर्णयांचे स्वागत करताना एक गोष्ट नजरेआड होऊ नये. असे संरक्षण मागणाऱ्याला आपण प्रसिद्ध आहोत आणि आपल्या नावाला बाजारात मोल आहे, हे दाखवावे लागते. ज्याची मुद्रा आधीच विकली जाते, त्यालाच ती राखता येते. यल्लम्माच्या डोंगरावर गाणारी जोगतीण, लग्नाच्या वरातीत गाणारा पोरगा, गावोगाव फिरणारा शाहीर यांचेही आवाज कोणाच्या तरी दूरध्वनीत मुद्रित होतात आणि पुढे कोठेही जातात. त्यांनी कोणत्या आधारावर दाद मागावी?

एक आधार आहे. प्रतिमुद्राधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिने गायकासह प्रत्येक प्रयोगकर्त्याला दोन हक्क दिले. आपल्या प्रयोगाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा एक, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी प्रयोगाची मोडतोड रोखण्याचा दुसरा. आर्थिक हक्क पूर्णपणे दुसऱ्याला दिल्यानंतरही हे दोन हक्क त्याच्याकडेच राहतात. त्यासाठी प्रसिद्धीची अट नाही. मात्र ते मागण्यासाठी वकील लागतो, वेळ लागतो, आणि मुळात असा हक्क आहे याची जाण लागते.

नाममुद्रा आणि व्यापारमुद्रा यांतील भेद येथे सापडतो. व्यापारमुद्रा विकता येते, भाड्याने देता येते आणि मूळ माणूस नसतानाही ती चालते. तिचे सामर्थ्य तेच आहे. नाममुद्रा गाण्याबरोबर जाते आणि श्रोत्याला गाणाऱ्यापर्यंत परत आणते. तिच्यामुळे गाण्याचा जाब कोणाला विचारायचा हे कळते, आणि श्रेय कोणाला द्यायचे हेही. गायकाने लुंगी नेसावी की कोट घालावा, उपाहारगृह काढावे की काढू नये, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्याने काय विकले यापेक्षा काय राखले, हे पाहणे अधिक योग्य होय.

बेंगळुरूसारख्या शहरात आज गाऊ इच्छिणाऱ्या तरुणाला, आधी ओळख तयार कर, गाणे मागाहून, असा सल्ला सहज मिळतो. त्याला चिन्ह आखून देणारे पुष्कळ भेटतील. ते चिन्ह त्याने खुशाल घ्यावे. पण कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी शेवटच्या ओळीत कोणाचे नाव राहणार आहे, एवढे त्याने वाचून पाहावे. आणि ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यानेही, ‘कामिनी’च्या श्रोत्यांप्रमाणे, हे कोण गाते आहे असे विचारण्याची सवय सोडू नये. १९४९ साली त्या विचारण्यानेच एका गायिकेला तिचे नाव मिळवून दिले होते.