न्द्वांद्वे : हरलेल्या राज्याचा पसारा

झुलूंचा राजा शाका याचं नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेलं असेल. त्याच्या कथेत खलनायक म्हणून एक राजा येतो, झ्विडे. मार खातो आणि पळून जातो. मला आज या पळालेल्या राजाच्या राज्याबद्दल बोलायचं आहे. कारण १८१० च्या आसपास त्या मुलखात बलाढ्य कोण असं विचारलं असतं, तर झुलूंचं नाव कुणी घेतलं नसतं. झुलू हे तेव्हा म्थेथ्वा लोकांचा राजा डिंगिस्वायो याच्या आश्रयाला असलेलं लहानसं घराणं. दरारा होता तो झ्विडेच्या न्द्वांद्वेंचा.

आजच्या दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागात, म्कुझे आणि पोंगोला नद्यांच्या पट्ट्यात, मागुडूच्या टेकड्यांभोवती त्यांचा मुलूख. उत्तरेला डेलागोआचा उपसागर, म्हणजे आजचं मापुटो. अठराव्या शतकात तिथे हस्तिदंतासाठी जहाजं लागत, त्यांतली काही मुंबईहून जात. ऑस्ट्रियाच्या एका कंपनीने तिथे ठाणं मांडलं, तेव्हा १७८१ मध्ये ते उठवायला पोर्तुगिजांनी लढाऊ जहाज पाठवलं तेही गोव्याहूनच. हस्तिदंताच्या बदल्यात कापड, मणी, पितळ येई, आणि ते ज्याच्या हातून वाटलं जाई त्याच्याभोवती माणसं गोळा होत. या व्यापारानेच राज्यं घडवली असं काही इतिहासकार म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. त्याच काळात मोठा दुष्काळ पडला होता. स्वतःची कणगी आणि गुरं राखायची, जमलं तर शेजाऱ्याची हाकून आणायची, तर फौज लागतेच.

ही फौज म्हणजे अमाबुथो. निरनिराळ्या कुळांतली एका वयाची पोरं एका पलटणीत घालायची. राजा सांगेल तेव्हा लढायचं आणि राजा परवानगी देईल तेव्हाच लग्न करायचं. अशाने पोराची निष्ठा कुळाकडून सरकत राजाकडे येते. झ्विडेने हे तंत्र चांगलंच राबवलं. पोंगोलाकाठच्या शेतजमिनीवरून त्याने शेजारच्या द्लामिनींचा राजा सोभुझा याला उत्तरेला पिटाळलं. पुढे आपली मुलगी थांडिले त्यालाच दिली. ही सोयरीक आपल्याला काही नवी नाही! थांडिलेचा मुलगा म्स्वाती, आणि स्वाझी लोकांचं नाव त्याच्यावरून पडलं. डिंगिस्वायोला तर झ्विडेने पकडून ठारच केलं. हरवलेल्या राजांची मुंडकी झ्विडेची आई न्तोम्बाझी आपल्या झोपडीत ठेवायची, असं झुलू परंपरा सांगते. अर्थात, हे जिंकणाऱ्यांनी सांगितलेलं आहे.

डिंगिस्वायो गेल्यावर मोकळ्या जागेत शाका उभा राहिला. झ्विडेची फौज चालून आली तेव्हा तो माणसं, गुरं, धान्य घेऊन मागे सरकत गेला. पाठलागात न्द्वांद्वे उपाशी पडले, आणि १८१९ च्या सुमारास म्ह्लातुझे नदीपाशी शाकाने त्यांना गाठलं. झ्विडे उत्तरेकडे निसटला आणि काही वर्षांनी तिकडेच वारला. त्याचा मुलगा सिखुन्याना १८२६ मध्ये पुन्हा शाकासमोर उभा राहिला. ती लढाई हेन्री फिन या इंग्रज व्यापाऱ्याने पाहिली. राजघराण्याचा जोर तिथे संपला.

पण पलटण ही गावाला बांधलेली नसते. सरदार, पोरं आणि गुरं शिल्लक असली की ती चालू लागते. झ्विडेचा सरदार सोशांगाने याने आजच्या मोझांबिकमध्ये गाझा राज्य उभारलं, आणि सेना या गावातल्या पोर्तुगीज वसाहतवाल्यांना त्याला खंडणी द्यावी लागली. झ्विडेचाच दुसरा सरदार झ्वांगेंडाबा याने आपली माणसं घेऊन १८३५ मध्ये, सूर्यग्रहणाच्या दिवशी, झांबेझी नदी ओलांडली. मलावी, झांबिया, टांझानियातले न्गोनी ते हेच. वाटेत जिंकलेल्या लोकांची पोरं हे सगळे आपल्याच पलटणींत भरती करत गेले. दोन-तीन पिढ्यांत मूळचे न्द्वांद्वे मूठभर राहिले असतील, तरी कवायत तीच चालू होती. यांतलं गाझा सर्वांत मोठं झालं. ते मोडलं १८९५ मध्ये, सोशांगानेचा नातू न्गुंगुन्याने पोर्तुगिजांच्या हाती सापडला तेव्हा. झ्विडेच्या पराभवाला तोवर पाऊणशे वर्षं होऊन गेली होती.