फ्रेडी मर्क्युरी : पाचगणीत शिकलेला एक गायक

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



आजच्या विषयाचे नाव फळ्यावर लागल्यापासून दोघी-तिघींनी मला वाटेत थांबवून विचारले, की अहो, एरवी तुम्ही संत-कवयित्रींवर बोलता, यंदा हा विलायती गवई कुठून शोधून काढलात? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की हा गवई विलायतेत नावारूपाला आला खरा, पण वाढला आपल्या उशाशी. इथून पसरणीचा घाट चढून 12-13 किलोमीटर गेले, की पाचगणी लागते. तेथील सेंट पीटर्स शाळेत वयाच्या आठव्या वर्षी तो दाखल झाला आणि सोळाव्या वर्षाच्या सुमारास तेथून बाहेर पडला. म्हणजे मुलाचे मूलपण ज्या वर्षांत घडते, ती सारी वर्षे त्याने सह्याद्रीच्या माथ्यावर काढली. स्ट्रॉबेरीसाठी आपण पाचगणीला जातो, टेबललँडवर घोड्यावर बसून फोटो काढून घेतो; पण ही गोष्ट आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असेल?

त्याचे पाळण्यातले नाव फारुख बलसारा. घराणे पारशी. बलसारा हे आडनाव गुजरातेतल्या बलसारवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेले. वडील बोमी बलसारा ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते, आणि नोकरी होती आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर. तेथे 5 सप्टेंबर 1946 रोजी फारुखचा जन्म झाला. पाठीवर एक बहीण, काश्मिरा. आईचे नाव जेर. ह्या जेरबाई माझ्या भाषणात पुन्हा येणार आहेत, त्यांचे नाव तेवढे लक्षात ठेवा.

चांगले इंग्रजी शिक्षण मिळावे म्हणून आईबापांनी आठ वर्षांच्या मुलाला समुद्रापार धाडले. झांझिबारहून मुंबईपर्यंत जहाज, आणि तेथून पुढे घाट. सुट्टी लागली तरी घर इतके दूर, की अनेकदा मुंबईला आजीकडे नि मावशीकडेच राहावे लागे. आपल्यापैकी ज्यांनी मुलांना वसतिगृहात ठेवले आहे, त्यांना पहिल्या रात्रीचे वर्णन मी करून सांगायला नको. ह्या मुलाच्या वरच्या जबड्यात चार दात अधिक होते, त्यामुळे पुढचे दात पुढे आलेले. मुले त्यावरून त्याला चिडवीत. पुढे जगभर कीर्ती झाली, पैसा आला, तरी त्याने ते दात काढून घेतले नाहीत. आवाज बदलेल, अशी भीती त्याला वाटे. मात्र हसताना ओठ मिटून घेण्याची, हात तोंडापुढे नेण्याची सवय शेवटपर्यंत राहिली. लाखभर माणसांपुढे उभा राहणारा माणूस, आणि चारचौघांत हसताना तोंड झाकतो! त्याच्या स्वभावाची किल्ली मला ह्या एका सवयीत सापडते.

शाळेत त्याचे फारुखचे फ्रेडी झाले. तो टेबल टेनिस खेळे, मुष्टियुद्धही खेळे. मुख्याध्यापकांनी त्याचे संगीताचे अंग ओळखून आईवडिलांना पत्र लिहिले, की थोडी जादा फी भरलीत तर मुलाला पियानोची शिकवणी लावता येईल. त्यांनी ती भरली. पियानोच्या चौथ्या परीक्षेपर्यंत तो गेला. चार मित्रांना घेऊन त्याने 'हेक्टिक्स' नावाचे वाद्यवृंदाचे टोळके काढले. शाळेच्या समारंभांत ते वाजवीत. तेव्हा तो मुख्य गायक नव्हता, मागे पियानोवर बसणारा होता.

पुढे तो झांझिबारला परतला, आणि जानेवारी 1964 मध्ये तेथे राज्यक्रांती झाली. कित्येक अरब आणि हिंदी माणसे प्राणाला मुकली. बलसारा कुटुंब जे हाती लागले ते घेऊन इंग्लंडला निघून गेले आणि लंडनच्या विमानतळाजवळ फेल्टम ह्या वस्तीत लहानशा घरात राहू लागले. सतरा वर्षांच्या फ्रेडीने सुट्टीत विमानतळावर सामान उचलण्याची कामे केली. ईलिंगच्या कलाशाळेतून 1969 साली ग्राफिक कलेची पदविका घेतली. केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकण्याचा गाळा चालवला. ब्रायन मे आणि रॉजर टेलर ह्या दोघांबरोबर 1970 साली त्याने मंडळी जमवली. पुढच्या वर्षी जॉन डीकन येऊन मिळाला. मंडळीचे नाव 'क्वीन' फ्रेडीनेच ठेवले, तिचे बोधचिन्हही त्यानेच काढले, आणि स्वतःचे आडनाव बदलून मर्क्युरी असे घेतले. मर्क्युरी म्हणजे बुध, आणि मर्क्युरी म्हणजे पाराही. हाती न लागणाऱ्या माणसाला हे नाव शोभले खरे.

आता त्याच्या थाटाविषयी. पंख फुटल्यासारखा पांढराशुभ्र चुणीदार अंगरखा, नखांना काळा रंग, विदूषकाच्या चौकटीचौकटींचा अंगाबरोबर बसलेला पोशाख, पुढे चामड्याचे कपडे आणि जाडजूड मिशी, आणि 1986 च्या दौऱ्यात तर शेवटी डोक्यावर मुकुट आणि अंगावर राजाचा पायघोळ झगा! कुणी म्हणेल, हा निव्वळ भपका. मला तसे वाटत नाही. भपका करणाऱ्याला वाटते, की कपड्यांनी काम भागेल. ह्या माणसाने कपड्यांवर जेवढी मेहनत घेतली, तिच्या दसपट सुरांवर घेतली. 1975 सालचे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गाणे जवळजवळ सहा मिनिटांचे. त्या काळी रेडिओवर तीन मिनिटांच्या वर गाणे सहसा चालत नसे, म्हणून ते काढू नये असे अनुभवी लोकांनी सांगितले. त्याच्या मधल्या भागात पाश्चात्त्य संगीतनाटकाच्या धर्तीचा जो मोठा गायकवृंद ऐकू येतो, तो वृंद नव्हेच. तिघेच जण दिवसाचे दहा-दहा तास गाऊन एका आवाजावर दुसरा आवाज चढवीत गेले, त्यातून तो तयार झाला. गाणे नऊ आठवडे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर राहिले.

आणि पुरुषाच्या साजशृंगाराचे नवल आपण मराठी बायकांनी तरी करू नये. आपल्या आज्या-पणज्या बालगंधर्वांचे लुगडे नेसणे पाहून तसे नेसायला शिकल्या, त्यांच्यासारखी फुले माळायला शिकल्या. नारायणराव राजहंस शालू नेसून रंगभूमीवर आले म्हणून कुणी नाके मुरडली नाहीत. 1984 साली 'क्वीन'च्या चौघांनी एका गाण्याच्या चित्रफितीत गृहिणींचा वेष केला. फ्रेडी मिशीसकट स्कर्ट घालून घरातला केर काढतो आहे! इंग्रज मनमुराद हसले, कारण त्यांच्या एका लोकप्रिय दूरदर्शन-मालिकेची ती नक्कल होती. अमेरिकेत मात्र पुष्कळांना ते रुचले नाही. ती फीत मी पाहिली तेव्हा मला एवढेच वाटले, की केर काढणे त्याला जमलेले नाही.

त्याच्या कलेचा कळस कोणता म्हणाल, तर 13 जुलै 1985. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेंब्ली क्रीडांगणावर 'लाइव्ह एड' नावाचा मोठा जलसा झाला. समोर सत्तर हजारांवर माणसे, आणि जगभर दूरचित्रवाणीवर पाहणारी किती ते वेगळेच. प्रत्येक मंडळीला वेळ अगदी मोजका. संध्याकाळचा उजेड, रंगीत दिव्यांचा उपयोग नाही. अंगात साधी पांढरी बंडी. हातात त्याचा तो नेहमीचा अर्धा दांडा. सुरुवातीच्या दिवसांत एकदा ध्वनिक्षेपकाचा दांडा मध्येच निखळला, तेव्हापासून तो तसाच अर्धा वापरू लागला होता. ह्या साऱ्यानिशी तो आला, आणि एकवीस मिनिटांत त्याने मैदान जिंकले. मध्ये एका ठिकाणी तो वाद्ये थांबवतो आणि नुसता आलाप घेतो. लोक तो परत गातात. तो अधिक अवघड घेतो, लोक तोही गातात. आपल्याकडे कीर्तनकार बुवा श्रोत्यांकडून धृपद म्हणवून घेतात, त्यातलाच हा प्रकार. लोकांना आपल्याबरोबर गायला लावणारा माणूस लोकांना तुच्छ लेखणारा असू शकत नाही, एवढे मी त्यावरून ओळखते.

हे झाले उजेडातले. आता जे त्याने झाकले त्याकडे येते; हा विषय घेतला तो खरे तर त्यासाठीच.

हा माणूस जितका जास्त दाखवी, तितका जास्त लपवी. पाचगणी आणि मुंबई ह्यांविषयी तो मुलाखतीत क्वचितच बोले. मेरी ऑस्टिन ह्या तरुणीबरोबर तो काही वर्षे राहिला. 1976 च्या सुमारास त्याने तिला आपल्या मनाची खरी ओढ पुरुषांकडे असल्याचे सांगितले. संसार मोडला, पण मैत्री जन्मभर टिकली; स्वतःचे घर त्याने तिच्याच नावे करून ठेवले. शेवटची वर्षे जिम हटन हा त्याचा जोडीदार होता. जिमनेच त्याचे आजारपण काढले. हे सर्व जगाला कळले ते पुष्कळ उशिरा. इंग्लंडच्या कायद्याने 1967 साली अशा संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का बराचसा पुसला होता, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो 2018 साली पुसला. पण कायदा पुसतो म्हणून घराघरांतली कुजबूज थांबते थोडीच?

1987 साली त्याला एड्स झाल्याचे निदान झाले. त्या काळी ह्या रोगावर म्हणण्यासारखा उपाय नव्हता. वृत्तपत्रवाले दारापुढे पहारा देत, त्याच्या खंगलेल्या चेहऱ्याची छायाचित्रे छापीत. तो नाकारीत राहिला आणि गात राहिला. उभे राहण्याची ताकद नसताना 'द शो मस्ट गो ऑन' हे गाणे त्याला झेपेल का, अशी ब्रायन मे ह्यांना शंका होती. त्याने थोडी दारू घशाखाली घालून ते गाऊन दाखवले. हे वाचताना मला पुन्हा बालगंधर्वांचीच आठवण झाली. 1911 साली 'मानापमान'चा पहिला प्रयोग ज्या दिवशी होता, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली, आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले.

1991 च्या वसंतात स्वित्झर्लंडमध्ये त्याने शेवटचे ध्वनिमुद्रण केले. त्या गाण्याचे नाव 'मदर लव्ह', म्हणजे आईची माया. शेवटचे कडवे नंतर गाईन म्हणून तो घरी गेला, तो परत आला नाही. ते कडवे पुढे ब्रायन मे ह्यांनी गायिले. 23 नोव्हेंबर 1991 रोजी आपल्याला एड्स असल्याचे निवेदन त्याने प्रसिद्ध केले आणि दुसऱ्याच दिवशी त्याचे प्राण गेले. वय अवघे पंचेचाळीस. लंडनमधील अंत्यविधीला पारशी दस्तुरांनी अवेस्तातील प्रार्थना म्हटल्या. जन्मभर ज्या घराविषयी तो बोलला नाही, त्या घराच्या भाषेत त्याला निरोप मिळाला.

आता जेरबाई. मुलगा गेल्यावर पुष्कळ वर्षांनी एका मुलाखतीत त्या म्हणाल्या, की अशा गोष्टी आमच्याशी न बोलून त्याने आम्हांला जपले. त्या काळी आम्हांला सांगणे त्याला फार जड गेले असते, आणि आम्ही त्याच्या मनाचा मान राखला. भगिनींनो, हे उत्तर मी कितीदा तरी वाचले. त्यात मुलाविषयी तक्रार नाही. पण एका घरात मुलगा आईला जपतो, आई मुलाला जपते, आणि जपता जपता दोघांना एकमेकांशी एक अक्षर बोलता येत नाही, हे मला सोसत नाही. जेरबाईंना मी दोष देत नाही. आपल्यापैकी कितीजणींचे मुलगे-मुली आपल्याला असेच जपत असतील, हा विचार मात्र मनातून जात नाही.

रोगाचेही तसेच. आपल्या देशात हा रोग 1986 साली मद्रासमध्ये प्रथम आढळला, आणि पुढे महाराष्ट्र हा अधिक लागण असलेल्या राज्यांत मोजला जाऊ लागला. आमच्या आळीत त्या दिवसांत एक तरुण बाई विधवा झाली. नवऱ्याकडून तिला हाच रोग मिळाला होता. सासरच्यांनी तिचे ताट-वाटी वेगळी केली आणि वर तिलाच पांढऱ्या पायाची ठरवले. आम्ही शेजारणी हळहळलो, पण तिच्या दाराशी जाऊन बसलेल्या फार थोड्या. ती तीन वर्षांत गेली. जेवणाच्या ताटाने हा रोग लागत नाही हे तेव्हाही डॉक्टर सांगत होते. 1996 च्या सुमारास अनेक औषधे एकत्र देण्याचा उपाय निघाला. आपल्या सरकारी रुग्णालयांतून एप्रिल 2004 पासून ती फुकट मिळू लागली. आणि आज वेळेवर गोळ्या घेणारा माणूस आपले पुरते आयुष्य जगू शकतो. फ्रेडीला पाच वर्षे कमी पडली. आमच्या आळीतल्या त्या बाईलाही थोडीच वर्षे कमी पडली.

त्याच्या मृत्यूनंतर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पुन्हा पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, आणि त्याचे उत्पन्न एड्सग्रस्तांच्या मदतीला गेले. 20 एप्रिल 1992 रोजी वेंब्लीवरच त्याच्या स्मरणार्थ जलसा झाला, आणि त्याच्या मित्रांनी मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट हा निधी उभारला. 2018 साली त्याच्यावर चित्रपट आला. त्यातील रामी मालेक ह्यांना ऑस्कर मिळाले. 2023 साली लंडनमध्ये त्याच्या घरातील वस्तूंचा लिलाव झाला. पियानोला सतरा लाख पौंडांवर किंमत आली ते समजू शकते, पण मिशी विंचरण्याची एवढीशी चांदीची फणी दीड लाख पौंडांवर गेली! हसू नका, आपल्याही ट्रंकांत कुणाकुणाच्या वस्तू असतील. फेल्टमच्या त्या लहानशा घरावर 2016 साली निळी स्मृतिपाटी लागली. तिचे अनावरण बहीण काश्मिराने केले. जेरबाई त्याच वर्षी नोव्हेंबरात वारल्या.

मी बरेच बोलले. आता त्या वेंब्लीच्या एकवीस मिनिटांचे चित्रण पडद्यावर दाखवायचे आहे. आवाज मोठा असेल. ज्यांना सोसणार नाही त्यांनी मागच्या बाकांवर बसावे. आलाप येईल तेथे त्याच्याबरोबर गायला हरकत नाही, आपल्या भजनी मंडळाच्या भगिनींनी तर अवश्य गावे. कुणीतरी तेवढे दिवे मालवा.