परक्या भूमीत पेरलेले बियाणे

(जुना जालना येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



कुंडलिकेच्या काठावरचे हे गाव बियाण्याचे गाव म्हणून देशभर ओळखले जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली येथे बियाण्यांच्या उद्योगाचा पाया घातला आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याचे मोल जाणणाऱ्या या श्रोत्यांसमोर आज अशा एका वैदर्भीय सुपुत्राचे स्मरण करावयाचे आहे, ज्याने आपले आयुष्यच परक्या भूमीत बियाण्यासारखे पेरले. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

1884 साली वर्ध्यात जन्मलेला हा तरुण लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारावला होता. सशस्त्र क्रांतीसाठी लष्करी शिक्षण हवे आणि ते गुलाम देशात मिळणार नाही, हे ओळखून तो जपानमार्गे अमेरिकेत पोहोचला. तेथे त्याने लष्करी विद्यालयात शिक्षण घेतले आणि त्याच वेळी कृषिशास्त्राचाही अभ्यास केला. 1913 साली उभ्या राहिलेल्या गदर चळवळीच्या लष्करी तयारीची जबाबदारी त्याने पत्करली. पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर तो इंग्रजांविरुद्ध लढला, जखमी झाला, पकडला गेला आणि निसटलाही. पुढे बर्लिन झाले, 1921 साली मॉस्को झाले. मायदेशाचे दार मात्र बंदच राहिले.

अशा अवस्थेत, 1924 साली, खानखोजे मेक्सिकोत उतरले. हा काही वर्षानुवर्षे आखलेला प्रवास नव्हता. क्रांतीचे सारे बेत उधळले गेले होते. जी वाट उघडी दिसली ती त्यांनी धरली. देश परका आणि लोकभाषा स्पॅनिश. खिशात द्रव्य नाही, पाठीशी कोणतेही सरकार नाही. ज्याच्या पारपत्रावर स्वतःच्या राष्ट्राचे नाव असू शकत नाही, त्याला परदेश म्हणजे काय ते खरे कळते.

या प्रवासातून आपण काय शिकावे?

पहिली गोष्ट अशी की, मनुष्याजवळचे सामान हरवते. विद्या हरवत नाही. खानखोज्यांना मेक्सिकोत उभे केले ते त्यांच्या शेतीच्या ज्ञानाने. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. हे विद्यालय ज्या जागेत नांदत होते ती पूर्वी एका बड्या जमीनदाराची जहागीर होती. 1910 साली पेटलेल्या मेक्सिकन क्रांतीनंतर जहागिरी मोडून जमीन कसणाऱ्यांकडे देण्याचे वारे तेथे वाहत होते. क्रांतिकारकाला हे वातावरण परके कसे वाटावे?

दुसरी गोष्ट भाषेची. जेथे राहायचे तेथील भाषा आपली केल्यावाचून तेथील माणूस आपला होत नाही. स्पॅनिश आत्मसात करून खानखोजे तेथील विद्यार्थ्यांना शिकवू लागले. पण विद्यालयाच्या भिंतींत ते अडकून राहिले नाहीत. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा उभ्या केल्या आणि शास्त्र बांधावर नेले. मक्याच्या आणि गव्हाच्या सुधारित जातींवर त्यांनी संशोधन केले. मका आणि त्याचा रानटी भाईबंद असलेले गवत यांच्या संकरावरील त्यांचे काम विशेष गाजले.

मका हे तर मेक्सिकोचे पूर्णब्रह्म! चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका वाटून, हातावर थापून तेथील गृहिणी जी भाकरी भाजते, ती पाहून मराठी मनुष्याला घरची चूल आठवावी. आपल्या ठेच्यातली मिरचीही मुळात त्याच भूमीतून पोर्तुगीजांच्या गलबतांतून येथे आली. ज्याला आपण अनोळखी देश म्हणतो, तो आपल्या ताटात केव्हाचा येऊन बसलेला असतो.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मेक्सिकोतील खानखोज्यांचे अनेक सुहृद डाव्या विचारांचे होते. जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा आणि छायाचित्रकार तिना मोदोत्ती हे तर उघड कम्युनिस्ट. शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरील रिवेरा यांच्या चित्रात सर्वांसमवेत भाकर वाटून घेणारी जी मध्यवर्ती आकृती आहे, ती खानखोज्यांची मानली जाते. कोणी म्हणेल, अशा माणसाचा गौरव आपण का करावा? राष्ट्रभक्ती एवढी कोती नसते, हेच त्याचे उत्तर. ज्याने मातृभूमीसाठी तारुण्य उधळले, त्याने परदेशात कोणाच्या पंक्तीला भाकरी खाल्ली याचा हिशेब मागणे आपल्या संस्कारांत बसत नाही. भुकेलेल्याला अन्न देणे हा विचार कोणत्याही पक्षाच्या मालकीचा नव्हे.

चौथी गोष्ट मात्र आपल्याला अंतर्मुख करणारी आहे. देश स्वतंत्र झाला आणि 1949 साली खानखोजे मध्य प्रांताच्या निमंत्रणावरून मायदेशी आले, तेव्हा इंग्रजांनी काळ्या यादीत घातलेले त्यांचे नाव स्वतंत्र भारतातही आडवे आले! राज्यकर्ते गेले, त्यांचे कागद तसेच राहिले. 1955 पासून खानखोजे नागपुरात स्थिरावले आणि 22 जानेवारी 1967 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी त्यांचे चरित्र लिहिले, मराठीत वीणा गवाणकर यांनी लिहिले. तरीही किती मराठी घरांत हे नाव ठाऊक आहे? 2022 साली लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगोच्या कृषी विद्यापीठात खानखोज्यांचा पुतळा उभा राहिला. परक्या भूमीने त्यांचे नाव आपल्या भिंतींवर जपले. आपल्या पाठ्यपुस्तकांत, आपल्या चौकांत ते कोठे आहे?

आज जालन्यातील कित्येक घरांतील मुले परदेशी जातात. जावे, अवश्य जावे. याच जिल्ह्यातील जांबचा एक बालक घर सोडून निघाला आणि परंपरेनुसार अवघे भारतवर्ष पायाखाली घालून समर्थ रामदास झाला. प्रवासाचे भय आपल्या मातीला नाही. प्रश्न एवढाच की, जाताना मुलगा काय घेऊन जातो? केवळ पगाराचा आकडा डोळ्यांसमोर असेल तर तो तेथे भाडेकरूच राहील. हातात विद्या असेल, ओठांवर तेथील भाषा येईल आणि अंतःकरणात मायभूमी असेल, तर तो तेथेही उगवेल आणि येथेही उपयोगी पडेल.

आणि परतून येणाऱ्याचे काय? त्याच्यासाठी दार उघडे ठेवणे हे आपले काम आहे. बियाणे कितीही सकस असले तरी त्याला वाफसा लागतो. तो वाफसा राखणे हीच डॉ. खानखोजे यांना खरी आदरांजली ठरेल.