पहिले सहा महिने



कान ऐकतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. कान स्वतः आवाजही करतो, हे मात्र १९७८ पर्यंत कुणी दाखवून दिले नव्हते. त्या वर्षी लंडनमधल्या डेव्हिड केम्प या भौतिकशास्त्रज्ञाने कानात बारीक टिचकीसारखा आवाज सोडला आणि काही मिलिसेकंदांनी आतून परत आलेला क्षीण ध्वनी टिपला. आतल्या कानातल्या केसपेशी कामावर असतील तरच हे उत्तर येते. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडी बसवून आज जी ओएई चाचणी होते, ती याच शोधावर उभी आहे. सुई नाही, भूल नाही, सारे काही मिनिटांत उरकते.

तरीही किती तरी मुले दोन-अडीच वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा श्रवणतज्ज्ञासमोर येतात. घरात उत्तर तयार असते: ‘याचे बाबाही उशिराच बोलले.’ आजी ताट वाजवून पाहते, मूल वळते, सगळे निर्धास्त होतात. ताटाचा दणका ऐकणाऱ्या त्याच मुलाला ‘स’ आणि ‘फ’ अजिबात ऐकू येत नसतील, हे ताट सांगत नाही. शिवाय आजीचा हात हललेला त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलेला असतो!

हा उशीर किती महाग पडतो, ते अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात संशोधक ख्रिस्तीन योशिनागा-इतानो यांनी १९९८ मध्ये मांडले. सहा महिन्यांच्या आत निदान होऊन मदत सुरू झालेली बाळे भाषेत उशिरा निदान झालेल्यांच्या स्पष्टपणे पुढे होती. दोष सौम्य असो वा तीव्र, घर गरीब असो वा सुखवस्तू, मूल बोलीने शिको वा खुणांनी, फरक टिकून राहिला. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय हे आज जगभर मानले जाणारे वेळापत्रक आहे. त्यातली सर्वात कच्ची कडी म्हणजे दुसरी चाचणी. जन्मानंतरच्या एक-दोन दिवसांत कानात ओल असते, म्हणून पहिल्या वेळी चांगले ऐकणारी काही बाळेही ‘पुन्हा तपासा’ या शेऱ्यात अडकतात. ‘पाणी असेल’ म्हणून घरचे निघून जातात आणि खरोखर बहिरे असलेले बाळही त्यांच्याबरोबर जाते. तीव्र कावीळ झालेल्या किंवा अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाला तर ओएई पुरत नाही. कान ठीक आणि मेंदूकडे जाणारा मार्ग बिघडलेला असू शकतो. तिथे हा मार्ग तपासणारी बेरा चाचणीच हवी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांमधले सुमारे ६० टक्के श्रवणदोष टाळता येण्याजोग्या कारणांनी होतात. गरोदरपणी होणारा रुबेला घ्या. १९६४-६५ च्या साथीत अमेरिकेत सुमारे वीस हजार बाळे जन्मतःच रुबेलाचे घाव घेऊन आली आणि त्यांतली अर्ध्याहून अधिक बहिरी होती. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, तेव्हा कित्येक शाळांच्या दारांत पालकांनी अफवांवर विश्वास ठेवून मुले घरी नेली. ती लस गोवरासाठी होती तितकीच त्या मुलींच्या पोटी पुढे येणाऱ्या बाळांच्या कानांसाठीही होती. हे तेव्हा कुणी नीट समजावून सांगितले नाही, आणि त्या मौनाचा वाटा वैद्यकीय व्यवसायानेही उचलायला हवा.

फुटलेल्या कानात लसणीचे गरम तेल ओतणे, आडवे पाडून बाटलीने दूध पाजणे, शाळेत कानशिलात लगावणे हे सारे कानाला घातक आहे, यावर या सभागृहात मतभेद नसावेत. मतभेद आहेत ते मिरवणुकीतल्या आवाजावर. मुलांसाठी सुरक्षित ऐकण्याची शिफारस आहे आठवड्याला ४० तास, तेही ७५ डेसिबलपर्यंत. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचा सारा वाटा सव्वा तासात संपतो आणि १०२ डेसिबलला पाच मिनिटांच्या आत. विसर्जनाच्या रात्री डीजेच्या भिंतीसमोर बापाच्या खांद्यावर बसलेल्या तीन वर्षांच्या पोराचा हिशेब कुणीही करावा. आतल्या कानात जेमतेम पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात आणि मेलेली पेशी परत उगवत नाही. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत छापलेली आहेच.

दोष सापडून श्रवणयंत्र मिळाले की फोटो निघतो. खरे काम त्यानंतरचे. वाढत्या बाळाचा कान दर काही महिन्यांनी मोठा होतो, यंत्राचा कानातला साचा सैल पडतो, यंत्र शिट्टी मारू लागते आणि घरचे ते काढून कपाटात ठेवतात. कोकणातल्या पावसाळ्यात सिलिका जेलची डबी नसेल तर दमट हवेने यंत्र बिघडते. केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळते, मुंबईची अली यावर जंग संस्था त्या कामाचे केंद्र आहे. पण शस्त्रक्रियेनंतर वर्षे चालणारी थेरपी तालुक्याच्या गावात कोण देणार? इम्प्लांटच्या बाहेरच्या प्रोसेसरची तार तुटली तर मजुरी करणाऱ्या आईने किती दिवस वाट पाहायची? इम्प्लांट झालेल्या मुलांची संख्या सांगणाऱ्या प्रत्येक अहवालात, त्यांतली किती यंत्रे आज सुरू आहेत, हा रकाना सक्तीचा करावा.

आणि खुणांची भाषा? ती ‘हरल्यावर’ शिकवायची गोष्ट मानणारे या क्षेत्रात अजून पुष्कळ आहेत. कोलोरॅडोचे निष्कर्ष त्यांच्या बाजूने नाहीत. यंत्राची वाट पाहत बसलेल्या बाळाला भाषेवाचून ठेवण्यापेक्षा आईने निदान झाले त्याच आठवड्यात दहा खुणा शिकाव्यात.

मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या पालघरमधूनच झाली. त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात. जन्मजात व्यंग डोळ्यांना दिसले तर प्रसूतीच्या जागीच नोंदले जाते. बहिरेपण दिसत नाही, म्हणून निसटते. शिक्षक, श्रवणतज्ज्ञ, डॉक्टर आणि पालकांच्या या संमेलनाने शासनाकडे दोनच गोष्टी मागाव्यात: माता-बाल कार्डावर लसींच्या रकान्याशेजारी ओएईच्या निकालाचा रकाना, आणि ‘पुन्हा तपासा’ लिहिलेल्या प्रत्येक बाळाला दुसऱ्या चाचणीसाठी घेऊन येणाऱ्या आशाताईला त्या फेरीचे वेगळे मानधन.